शुक्रवारचं ऑपरेशन, गुरुवारची सही

इस्पितळातून घरी आले त्या दिवशी आईनं पिशवी उपसली. ताट, पेला, बादली, मग, दोन चादरी. "सगळं आलं," म्हणाली. पण मी डोक्यात जे भरून आणलं होतं, ते पुढं कित्येक महिने बाहेर पडत राहिलं. चार मैत्रिणी जमल्या, कुणाच्या साध्या सर्दीचा विषय निघाला, की मी सुरू: "अगं, मी अपेंडिक्सला ॲडमिट होते ना, तेव्हा..." टाके सातव्या दिवशी काढले. राग अजून तसाच आहे!

नव्वद सालाच्या आगेमागची गोष्ट. शाळेपासून मी दिल्लीत मामाकडं राहून शिकले आणि एम.ए. करून भिवंडीत परत आले. इथल्या मुलींना शिकवायचं, इथलं काहीतरी बदलायचं, हा हट्ट. बदलायला सुरुवात कुठून करावी ते ठरायच्या आत पोटात दुखायला लागलं. इस्पितळाचं नाव सांगत नाही. जे तिथं राहिलेत ते ओळखतीलच.

*

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी इनचार्ज सिस्टरनी बोटांवर मोजत यादी सांगितली.

"ताट, पेला, बादली, मग, दोन चादरी, नवं ब्लेड, कापसाचा गुंडाळा. आणि एक पुरुष."

मी लिहून घेत होते. पेन थांबलं.

"पुरुष कशाला?"

"सहीला!"

*

संमतीचा फॉर्म भरायची खिडकी सावे नावाच्या क्लार्ककडं होती. मी म्हटलं, "सही मीच करते. पोट माझं आहे."

"वडील, भाऊ नाहीतर नवरा. जो असेल तो आणा."

"मी पंचवीस वर्षांची आहे. गेल्या निवडणुकीत मत दिलंय मी!"

सावेंनी मान वर न करता सांगितलं, "मत द्यायला भूल देत नाहीत, बाई."

मागची रांग हसली. मला हसू आलं नाही. अर्धा तास वाद घातला, मग बाबांना बोलावून आणलं.

फॉर्म इंग्रजीत होता. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "सुजाता, काय लिहिलंय ते सांग जरा."

मी खिडकीसमोर उभी राहून अख्खा फॉर्म मोठ्यानं वाचला. भूल म्हणजे काय, धोका कुठला, जबाबदारी कुणाची, सगळं बाबांना मराठीत समजावलं. मग बाबांनी सही केली.

सावे खूश. "बघा! शिकलेली मुलगी असली की किती बरं पडतं!"

*

ऑपरेशनं फक्त शुक्रवारी होत. सर्जनसाहेब ठाण्याहून येत, पण खरं कारण साहेब नव्हते, व्होल्टेज होतं. आठवडाभर गावातले सगळे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एकदम खडखडत असायचे. वॉर्डातला बल्ब पिवळा पडायचा आणि पंख्याची पाती मोजता यायची. शुक्रवारी सुट्टीमुळं लूम बंद, की बल्ब पांढराफटक! माणसाचं पोट केव्हा उघडायचं ते गावातल्या लूमवर ठरायचं.

मी संतापून आयाला विचारलं, "अहो, जनरेटर नाही का इथं?"

"आहे की! शुक्रवारी एकदम मस्त चालतो."

माझे वडील वीज मंडळात लाइनमन आहेत, हे वॉर्डात कळलं तेव्हा माझा भाव वधारला. उजव्या हाताच्या खाटेवर वळ गावच्या सोनूबाई होत्या. साठी उलटलेल्या, हर्नियासाठी आलेल्या. त्या म्हणाल्या, "बापाला सांग ना गो बाय, जरा उजेड सोड म्हनून इकरं."

मला हसूच आलं. बाबांना ओळखत नव्हत्या त्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी परमिटशिवाय एक फ्यूज काढला नव्हता की बसवला नव्हता. दापोड्याला माझ्या काकाच्या लग्नात, ऐन मुहूर्ताला लाइट गेली. खांब मांडवाला लागून. दोनशे माणसं बाबांकडं बघताहेत. बाबांनी सायकल काढली, ऑफिसला गेले, परमिट घेऊन परत आले आणि मग खांबावर चढले. तोवर लग्न गॅसबत्तीवर लागून गेलं होतं. काका अजून अल्बम दाखवताना म्हणतो, "फोटोत मी ओळखू येत नाही. पण दादाचं परमिट आलं होतं!"

*

डाव्या हाताच्या खाटेवर रईसा होती. बावीस-तेवीस वर्षांची. गर्भाशयात गाठ. रक्त जायचं थांबत नव्हतं. बाटली चढवायची, चार दिवस बरे, पुन्हा तेच. दोन वर्षांची मुलगी शेजारणीकडं ठेवून आली होती. ताट, बादली, ब्लेड, सगळं तिच्याकडं होतं. दोन शुक्रवार येऊन गेले होते. ऑपरेशन झालं नव्हतं, कारण तिच्या नवऱ्याची सही नव्हती.

तुम्हाला वाटेल, नवरा टाकून गेला असेल. अजिबात नाही! तिचा शफीक दर शुक्रवारी सकाळी यायचा, नमाजापुरता उठायचा, बाकी दिवसभर तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसायचा.

पण ऑपरेशनची यादी लागायची गुरुवारी. सही गुरुवारी, दहा ते बारा, सावेंच्या खिडकीसमोर. आणि गुरुवारी शफीक लूमवर. सकाळी सात ते संध्याकाळी सात. बदली माणूस दिल्याशिवाय शेठ सोडत नसे, आणि बदली मिळत नसे. शुक्रवारी लूम बंद, शफीक मोकळा, तर यादी बंद!

मी सावेंकडं गेले.

"तिचा नवरा शुक्रवारी इथंच बसलेला असतो."

"मग त्याला गुरुवारी बसायला सांगा."

"शुक्रवारीच पुढच्या आठवड्याची सही घेऊन ठेवा."

"फॉर्म बुधवारच्या तपासणीनंतर निघतो. आधी सही कशावर घेऊ? माझ्या हातावर?"

"बरं, फॉर्म मी त्याच्याकडं लूमवर घेऊन जाते."

"फॉर्म इस्पितळाबाहेर जात नाही."

"मग रईसालाच सही करू द्या! उर्दू चौथीपर्यंत शिकलीय ती."

सावेंनी चष्मा काढला. माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "तुमच्या सहीवरून आपलं बोलणं झालंय ना, बाई?"

*

मी सुपरिंटेंडंटना अर्ज लिहिला. दिल्लीत वादविवाद स्पर्धांत बक्षिसं घेतलेली मी. अर्ज कडक लिहिला. रुग्ण स्त्री सज्ञान आहे, विलंबानं तिच्या जिवाला धोका आहे, वगैरे. खाली रईसानं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

अर्ज तासाभरातच परत आला. वर लाल शाईत शेरा: "अर्जावर पतीची सही नाही."

मी तडक तक्रारवही मागितली. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इनचार्ज सिस्टरच्या कमरेला. दोन तास त्यांच्या मागं फिरल्यावर वही मिळाली. कोरी करकरीत! आत एकच तक्रार होती, पहिल्या पानावर: "या वहीला पेन बांधलेलं नाही."

मी माझ्या पेनानं दोन पानं भरली. सिस्टरनी ती उभ्या उभ्या, शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, पोचलं काहीतरी.

"अक्षर छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "माझा एक रजेचा अर्ज लिहून द्याल?"

*

माझं ऑपरेशन त्याच शुक्रवारी होतं, आणि माझ्या आधी नंबर सोनूबाईंचा. दोघींना रात्रीपासून उपाशी ठेवलेलं. सकाळी सिस्टर सोनूबाईंना न्यायला आल्या आणि नाक मुरडून उभ्या राहिल्या.

"आजी, तोंडाला वास कसला?"

"खाडीचा हाय. उपाशी मानसाला घरची आठवन येतं."

"आजी!"

सूनबाईंनी पहाटे येऊन तांदळाची भाकरी आणि सुका जवळा भरवला होता. म्हाताऱ्या माणसाला उपाशीपोटी कापायचं म्हणजे काय, या मायेनं! सोनूबाईंचं नाव यादीतून गेलं, आठवडाभर पुढं. सिस्टर ओरडल्या: अडाणी, जंगली, कितीदा सांगायचं!

कितीदा सांगितलं होतं? एकदाही नाही! "खायचं नाही" एवढाच हुकूम. का, ते सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. मी खाटेवर उठून बसले आणि अख्ख्या वॉर्डाला सांगितलं: भुलीत उलटी झाली तर अन्न श्वासाच्या नळीत जातं, माणूस दगावतो.

सोनूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मंग असं सांगाचं ना गो! आमी काय येड्या हाव? मना वाटलं, जेवन वाचवतान."

*

अशी मी त्यांच्या नंबरावर, तासभर आधी टेबलावर गेले. माझा नंबर रईसाला द्या, हे मी आदल्या दिवशीच मागून पाहिलं होतं. सावे म्हणाले होते, "नंबर देता येईल हो. सही कुठून देणार?"

शुद्धीवर आले तेव्हा डोळ्यांसमोर पहिल्यांदा शफीक दिसला. रईसाच्या खाटेपाशी, स्टुलावर. खिशाला नवं पेन लावलेलं. सहीसाठी घेतलेलं. तिसरा शुक्रवार. रईसाचा चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा पांढरा झाला होता.

संध्याकाळी सर्जनसाहेब राउंडला आले. तिची नाडी धरून सिस्टरना म्हणाले, "हिचं पुढच्या शुक्रवारी झालंच पाहिजे. त्यापुढं मी काही सांगू शकत नाही."

"मग आज का नाही केलं?" मी विचारलं.

"यादी माझ्या हातात नसते," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं वळले.

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि टाक्यांनीच मला गप्प बसवलं. रईसानं हात लांब करून माझी चादर सारखी केली. मोठ्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "बाजी, रहने दो. आपको दर्द होगा."

रविवारी बाबा डबा घेऊन आले. मी सगळं त्यांच्यावर काढलं. सही, गुरुवार, शेठ, लाल शाई, तक्रारवही, सिस्टरचा रजेचा अर्ज. बोलता बोलता रडले. बाबा मोसंबं सोलत होते. शेवटी एकच विचारलं:

"हिचा नवरा कुठल्या गल्लीत कामाला?"

मी सांगितलं. त्यांनी अर्धं मोसंबं मला दिलं, अर्धं रईसाला, आणि टोपी घालून निघून गेले.

*

गुरुवार उजाडला. साडेदहा वाजले. रईसा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

आमच्या वॉर्डाच्या मागच्या खिडकीतून लूमचा आवाज अखंड यायचा. इतका, की तो येतोय हेही कळायचं नाही. आणि एकाएकी तो तुटला. सगळा नाही. लांबून, पलीकडच्या अंगानं येतच होता. पण खिडकीमागच्या गल्लीतून एकदम शांत. टपरीवर कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं.

सोनूबाई उठून बसल्या. "आज शुक्रवार हाय का गो?"

सगळ्या जणी दाराकडं बघत होतो.

अकराला पंचवीस मिनिटं असताना शफीक आला. धावत. भुवयांवर, केसांत कापसाचा भुसा, पायांत चप्पल नाही. "लाइट गई!" एवढंच म्हणाला आणि खिडकीकडं पळाला. मी एका हातानं पोट धरून मागोमाग गेले.

सावेंनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग शफीककडं, मग माझ्याकडं. रजिस्टर उघडावंच लागलं. शफीकनं खिशातलं पेन काढलं. नवं पेन उठेना. दोनदा झटकलं. सावेंनी, का कोण जाणे, स्वतःचं पुढं केलं.

आम्ही वॉर्डात परत येईपर्यंत गल्लीत लूम पुन्हा सुरू झाले होते.

संध्याकाळी बाबा आले. खाकी शर्ट, हातात डबा, नेहमीसारखे. रईसाला ऑपरेशनआधीचा शेवटचा भात खाऊन घ्यायला सांगितलं होतं, ती खात होती. बाबा स्टुलावर बसले आणि डब्याचं झाकण उघडायला लागले.

मी हळूच म्हटलं, "बाबा, आज त्या गल्लीत लाइट गेली होती."

"हूं."

"परमिट होतं?"

बाबांनी भाजीचा डबा काढला. आमटीचा काढला. पोळ्या माझ्या ताटात वाढल्या.

"दुपारी शेठ आला होता ऑफिसात," ते म्हणाले. "लई तापलेला. तक्रारवही मागितली. चांगली दोन पानं लिहून गेला."

"मग? तुम्ही वाचलीत?"

"वाचली की." बाबांनी आमटीची वाटी माझ्याकडं सरकवली. "अक्षर छान आहे त्याचं."