नळ्या उघडणारी माणसं

"माझ्या अण्णाचा ईसीजी शेवटचा कधी काढला होता?"

हा प्रश्न मी अण्णाला शिकवणाऱ्या मोठ्या सरांना विचारला, शेट्टी डॉक्टरांना विचारला, तिथल्याच डॉक्टर केतकी मॅडमना विचारला. गेटवरच्या वॉचमनला सुद्धा विचारला. बेळगावातलं एवढं मोठं हॉस्पिटल, तिथं छातीवर हात ठेवून नुसतं खोकलं तरी धरून झोपवतात आणि ईसीजी काढतात. पण अण्णाचा कधी काढला, हे कुणालाच सांगता आलं नाही. सरांनी चष्मा पुसला. शेट्टींनी मोबाईल बघितला. मॅडमनी चहा मागवला. आणि मग प्रत्येकानं उत्तराऐवजी मला अण्णाचा एकेक किस्सा सांगितला.

मी विचारत राहिलो, ते सांगत राहिले. काही माझ्या डोळ्यांदेखत झालेले. आता एवढे साठलेत की टेम्पोत भरले तर मागची फळी लागायची नाही!

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही निपाणीचे. अण्णा आधी डॉक्टर झाला, मग त्याच्या वरचं शिकला, आणि मग हृदयाच्या तुंबलेल्या नळ्या उघडायचं शिकायला बेळगावात आला. मनगटातनं बारीक तार घालायची, ती पार हृदयापर्यंत न्यायची, तुंबलेली जागा फुगवायची आणि तिथं स्प्रिंग बसवायची. तीन वर्षांचं शिक्षण. त्याचं शेवटचं वर्ष चालू होतं. एका दुपारी केस संपवून तो बाहेर आला, एक्स-रे अंगावर येऊ नये म्हणून घालतात तो शिशाचा एप्रन काढला, बाकावर बसला आणि म्हणाला, "जरा टेकतो."

टेकला तो टेकलाच. आजूबाजूला सगळे हृदयाचेच डॉक्टर होते. सगळं करून बघितलं त्यांनी.

छातीत जळजळतंय म्हणून दोन दिवस तो ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत होता.

*

आमच्या गल्लीला हे शिक्षण कधी समजलंच नाही. मी नववीत नापास झालो, शाळा सोडली आणि टेम्पोवर बसलो. अण्णाचं आपलं चालूच. तिशी उलटली तरी दप्तर सुटेना!

शेजारच्या शेवंता मावशी एकदा आईला हळूच म्हणाल्या, "धाकटा एकदाच काय ते नापास होऊन मोकळा झाला. थोरला अजून किती वर्षं नापास हुणार गं?"

आई म्हणाली, "न्हाय वो, त्यो पास होतोय."

"पास होतोय तर मग सोडंनात का त्याला?"

मी अण्णाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मावशीस्नी सांग, मोठ्या सरांना भेटा. ते मला रोज म्हणत्यात, 'कांबळे, तुला मी सोडणार नाही!'"

*

ह्या कामात पेशंटला पूर्ण भूल देत नाहीत. तो टेबलावर जागा असतो, सगळं ऐकत असतो. आता शिकणारा डॉक्टर चुकला तर त्याला पेशंटसमोर "गाढवा, नळी फाडशील!" असं कसं म्हणायचं? म्हणून सरांनी एक रीत पाडली होती. चुकलं की सर म्हणायचे, "सुंदर!" थोडं चुकलं तर "सुंदर". जास्त चुकलं तर "फारच सुंदर". आणि सर "अप्रतिम!" म्हणाले की तार तिथंच सोडून मागं सरायचं. पुढचं सर करणार.

अण्णाच्या पहिल्या वर्षी संकेश्वरचा एक ऊसवाला टेबलावर होता. अण्णाच्या हातात तार. सर मागनं म्हणतायत, "सुंदर... सुंदर... फारच सुंदर, कांबळे!"

ऊसवाल्यानं मान वळवून अण्णाच्या तोंडाकडं बघितलं आणि सरांना म्हणाला, "सायेब, एवढं सुंदर चाललंय, तर ह्यास्नी घाम का सुटलाय वो?"

सर पुढं झाले. ते म्हणाले, "अप्रतिम!"

अण्णा मागं सरला. ऊसवाला मात्र खूश. घरी जाताना सगळ्यांना सांगत होता, "म्हाताऱ्यापेक्षा त्यो पोरगाच हुशार हाय. लई कौतुक चाललं होतं त्याचं!"

ती सवय अण्णा घरी घेऊन आला. मी टेम्पो मागं घेताना एकदा भिंतीला लावला. अण्णा ओसरीवरनं ओरडला, "फारच सुंदर रं सिद्धू!" गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

*

सरावासाठी अण्णा जुन्या, वापरून टाकलेल्या तारा धुऊन घरी आणायचा. सलाईनच्या नळ्या वाकड्यातिकड्या बांधायच्या आणि त्यातनं तार फिरवत बसायचं. आईच्या देवळीपासून माझ्या कॉटपर्यंत नळ्याच नळ्या. चहा घेऊन यायचं तर वाकून यायला लागायचं.

एका रविवारी शेवंता मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुंबल्याली नळी उघडतोस न्हवं?"

"व्हय मावशी. कुणाला काय होतंय?"

"मोरी तुंबलीया."

अण्णा उठला. खरंच उठला! पालथा पडला, मोरीत तार घातली, दोन बोटांत फिरवत फिरवत आत नेली. डोळे मिटलेले. मला म्हणाला, "गप. वळण लागलंय." दहा-पंधरा मिनिटांनी घळघळ आवाज झाला आणि पाणी गेलं.

मावशींनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "आता सुटशील बाबा तू," म्हणाल्या.

*

हा शेट्टींचा किस्सा. शेट्टी डॉक्टर अण्णाबरोबर शिकणारे, मंगळूरकडचे. येळ्ळूरचे, सीमालढ्यातले एक आजोबा आले, मोठा ॲटॅक. एकेक मिनिट महत्त्वाचं. शेट्टींनी संमतीचा कागद पुढं केला. कागद कन्नडमध्ये. आजोबांनी हात मागं घेतला.

"मराठीत आणा. मग सही करतो."

"अज्जा, जीव जाईल!" शेट्टी म्हणाले.

"जाऊ दे. मराठीत आणा."

शेट्टी पळत जाऊन अण्णाला घेऊन आले. अण्णा एकेक ओळ मराठीत सांगायला लागला. "ह्या प्रोसिजरमध्ये काही कॉम्प्लिकेशन..."

"हे मराठी हाय व्हय रं?"

अण्णानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. छाती धरून, घामानं भिजून, आजोबा त्याचं मराठी दुरुस्त करत होते! शेवटी सही झाली. टेबलावर घेतलं, नळी उघडली, अण्णानं स्प्रिंग हातात घेतली. आजोबांनी डोळा उघडला.

"ही कुठली?"

"परदेशी आहे, आजोबा."

"बेंगळूरची न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग बसवा."

किस्सा सांगून झाल्यावर शेट्टी म्हणाले, "सिद्धू, ते अज्जा आता दर महिन्याला मला काजू आणून देतात. माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात."

*

निपाणीत ह्या हॉस्पिटलवाल्यांनी एकदा फुकट तपासणीचं शिबिर घेतलं होतं. मी टेम्पोतनं मशीन आणलं. आईचा ईसीजी काढला, शेवंता मावशींचा काढला, बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाचा काढला, मांडववाल्याचा काढला. रांगेतला एक जण नुसता लग्नघराचा पत्ता विचारायला आला होता, त्याचाही काढला! मला तर दोनदा झोपवलं. पहिल्यांदा मी हललो म्हणून.

दुपारी मोठे सर लोकांना तेलकट खाऊ नका म्हणून सांगत होते. त्यांच्या हातात मिरची भजी होती. केतकी मॅडम वेळेवर झोपा म्हणून सांगत होत्या आणि सांगता सांगता पेंगत होत्या.

मी अण्णाला म्हणालो, "तुझा काढ की."

"मला काय झालंय?"

"त्या पोलिसाला तरी काय झालंय?"

"उद्या काढतो. तिथं मशीनच मशीन हायत," अण्णा म्हणाला आणि मशीन पुसायला लागला.

*

आता शेवटचा. अण्णा गेल्यावर हॉस्पिटलात शोकसभा ठेवली. मी गेलो. हॉलमध्ये कुठल्यातरी कंपनीच्या नव्या स्प्रिंगवर भाषण चाललं होतं, म्हणून सभा ईसीजीच्या खोलीत. अण्णाचा फोटो ठेवायला जागा नव्हती. तो मशीनवर टेकवला होता आणि हार मशीनलाच घातला होता.

मोठे सर बोलायला उभे राहिले. "आपण डॉक्टरांनी स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष दिलं पाहिजे," म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. शेट्टींनी खिशातनं ॲसिडिटीची गोळी काढली आणि तोंडात टाकली.

माझं डोकं फिरलं. टेम्पोच्या फळीचं कुलूप खिशात होतं. दाराला कडी घातली आणि आतनं कुलूप लावलं.

"सिद्धू, काय करतोस?" केतकी मॅडम ओरडल्या.

"ईसीजी. सगळ्यांचा. मशीन हाय, खाट हाय. एकेकानं झोपा."

मग जे सुरू झालं! पेशंटनं कारणं सांगितली तर हेच त्याच्यावर खेकसायचे. आता मॅडम म्हणाल्या, "माझा राऊंड आहे." शेट्टी म्हणाले, "मी आत्ताच जेवलोय." मी म्हणालो, "जेवल्यालं चालतंय. माझा काढताना तुम्हीच सांगितलं होतं."

मशीनवरनं अण्णाचा फोटो मी उचलला आणि छातीशी धरून उभा राहिलो.

सिस्टरनं पडदा ओढून मॅडमचा काढला. शेट्टींना गुदगुल्या व्हायला लागल्या. ते हसले, कागदावरची रेघ वेडीवाकडी. सगळे एकदम ओरडले, "हलू नका!" ते हसायचे थांबले आणि रडायला लागले. रेघ पुन्हा वेडीवाकडी. तिसऱ्या वेळी नीट आला. दोघांचेही बरे निघाले.

राहिले मोठे सर.

"माझा मागच्या महिन्यात काढलाय," सर म्हणाले.

"कागद दाखवा."

सरांनी दाराकडं बघितलं. कुलपाकडं बघितलं. माझ्या हातातल्या फोटोकडं बघितलं. मग चष्मा काढून सिस्टरकडं दिला आणि बुटांसकट खाटेवर जाऊन आडवे झाले.

शेट्टी वायरी हातात धरून नुसते उभे. मॅडम भिंतीला चिकटलेल्या. सिस्टर खाली बघतेय. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अरे, करा की कुणीतरी."

कुणाचा हात पुढं होईना.

मी फोटो शेट्टींच्या काखेत दिला, पुढं झालो आणि सरांच्या शर्टाची बटणं काढायला लागलो.