स्वेटरखालची बोटं

डॉरीन केसलरच्या आवाजाला चढउतार नव्हता. पूर्वी असावा, नोकरीत घासून घासून गेला. "बटाट्याचं सॅलड वाढू का?" आणि "परक्या देशाला गुप्त माहिती दिलीय का?" हे दोन्ही प्रश्न ती एकाच सुरात विचारायची. तिचा नवरा हॉवर्ड म्हणायचा, घराला आग लागली तरी ही बाई बसची वेळ सांगावी तसं सांगेल. तिच्याबरोबर पत्ते खेळायला शेजारी कुणी तयार नसत.

व्हर्जिनियातल्या एका सरकारी गुप्तचर खात्यात ती पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, घ्यायची. छातीला नळ्या, दंडाला पट्टा, दोन बोटांना घामाचा अंदाज घेणाऱ्या चकत्या. प्रश्न सगळे आधीच वाचून दाखवायचे, आडून काही विचारायचं नाही. तोंड सावध असतं, पण घामाला कुठे शिकवता येतं? पडद्यावर माणसाचा श्वास उमटायला लागला की इतक्या वर्षांनीही डॉरीनला चर्चमध्ये बसल्यासारखं वाटे.

एझ्रा कॉल्विन तिच्या खुर्चीत आला तो नव्या कोऱ्या टायमध्ये. जन्मापासून बहिरा, आईवडीलही बहिरे. आकाशातून काढलेल्या छायाचित्रांत इतरांना न दिसणारं त्याला दिसे, आणि शाळेत असल्यापासून त्याला हीच नोकरी हवी होती. खात्याची दुभाषी जोनी मीबेन डॉरीनचे प्रश्न खुणांच्या भाषेत करून दाखवणार होती. "हो" आणि "नाही" एवढं मात्र तो तोंडाने म्हणणार होता, त्याने स्वतः कधी न ऐकलेल्या आवाजात.

श्वास संथ, नाडी संथ. पण बोटांची रेघ नुसती थयथय नाचत होती, दोन प्रश्नांच्या मधल्या शांततेतसुद्धा. हात हलवू नकोस, असं डॉरीनने सांगितलं. हलवत नाही मॅडम, असं त्याने कळवलं. पुन्हा तेच झालं.

तिने थोडा वेळ थांबायचं ठरवलं. जोनी कॉफी आणायला गेली आणि डॉरीन शेजारच्या खोलीत. तिथे तिचा वरिष्ठ, वेंडेल प्रूइट, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर एझ्रा एकटाच होता आणि खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वळवळत होती.

"बघ, सराव चाललाय पठ्ठ्याचा," वेंडेल म्हणाला. "यंत्राला चकवतोय. तसंच लिही आणि मोकळी हो."

तसं लिहिलं की अशा प्रत्येक खात्याचं दार एझ्राला कायमचं बंद, हे दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात जोनी कॉफी घेऊन आत आली, तिने पडद्याकडे पाहिलं आणि झटकन मान फिरवली.

"हे मी बघता कामा नये."

"का?" डॉरीनने विचारलं.

"तो स्वतःशी बोलतोय. तुम्ही मनातल्या मनात बोलता ना, तसं. त्याचं मन बोटांत आहे. दाराला कान लावल्यासारखं होतंय मला."

डॉरीन खाली बसली. आयुष्यभर ती घामातून, श्वासातून माणसाच्या आत डोकावायला धडपडली होती. आणि इथे ते आतलं सगळं खुर्चीच्या हातावर उघडं पडलं होतं, हलत होतं.

वेंडेलचे डोळे लकाकले. "मग यंत्र हवंय कशाला? प्रश्न विचारू, जोनी बोटं वाचेल. असा पॉलिग्राफ जगात कुणी घेतला नसेल."

"नाही घेतला," डॉरीन त्याच सपाट सुरात म्हणाली. "कारण त्याने नळ्यांना आणि पट्ट्याला होकार दिलाय, वेंडेल. याला नाही." आणि तिने पडदा बंद केला.

खोलीत जाऊन तिने एझ्राला सगळं सांगितलं, कॅमेऱ्याचंही. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग लाजून त्याने खुणेने सांगितलं की, हे तो करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आई भांडी घासताना करते, त्यावरून तो तिला चिडवायचा.

डॉरीनने त्याला बूटमोजे काढायला लावले. चकत्या पायाच्या बोटांना लावल्या, पट्टा पोटरीला. मग आपला करडा स्वेटर काढून तिने त्याच्या दोन्ही हातांवर पांघरला.

"परक्या देशाला गुप्त माहिती दिलीय का?"

स्वेटर हलला. लोकरीखाली कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

"नाही," एझ्रा म्हणाला.

रेघ तळ्यासारखी शांत राहिली. शेवटच्या प्रश्नापर्यंत तशीच. एकही खोटं नाही, असा निकाल डॉरीनने लिहिला. वेंडेलने आलेख वरून खाली दोनदा पाहिला आणि मुकाट्याने सही केली.

नळ्या सोडताना एझ्राने जोनीमार्फत विचारलं, "मघाशी मी काय बोलत होतो, ते तुम्ही जोनीला विचारलंत का?"

"नाही," डॉरीन म्हणाली.

तो तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्याची बोटं मिस्कीलपणे नाचली आणि जोनीला हसू आवरेना.

"म्हणतोय, खुर्चीत बसा. मी तपासतो."

डॉरीनही हसली, आणि हसता हसता तिचा सपाट आवाज चढला-उतरला.