चार वाजता डोळे मिटा!

हातातला कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडाल! माझ्या या पराक्रमाला आमची ही अजून पदर तोंडाला लावून हसते.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. जळगावात एका कॉलेजात मी हेडक्लार्क. विद्यापीठ पार पुण्याला, परीक्षेच्या फॉर्मांचे गठ्ठे छतापर्यंत, आणि कारकून मला धरून तीन! डोकी अशी फिरलेली, की आमच्या देवरेनं घरी बायकोला सांगितलं, "भाजीत मीठ हवं? तीन प्रतींत अर्ज द्या!"

मला तर ऑफिसातच घेरी आली. डॉक्टर म्हणाले, "रोज दहा मिनिटं काम सोडून डोळे मिटून बसा."

झालं! मी सगळ्या ऑफिसालाच नियम लावला. चार वाजता घंटा, लेखण्या खाली, डोळे बंद! आणि खरं सांगू? आठवड्यात चुका कमी, भांडणं बंद! शिपाई दगडूनाना तर चक्क घोरायचे.

इकडे आणखी एक कारकून मिळावा म्हणून मीच संस्थेच्या धुळ्याच्या कचेरीत अर्ज केला होता. कामाचा ताण बघायला तिथले नवे साहेब येणार होते. त्या दिवशी प्राचार्य हार घेऊन स्टेशनवर गेले.

बरोबर चारला एक धोतर-टोपीवाले गृहस्थ आत आले. धुळीनं माखलेले. मला वाटलं, रावेरकडचे केळीवाले, पोराच्या फॉर्मासाठी आलेत.

"मी जरा काम बघायला..."

"श्शू! आबा, बसा. डोळे मिटा."

"अहो, पण काम..."

"काम कुठं पळून जातंय?"

दगडूनाना कुजबुजले, "भाऊ, हाऊ मानूस कोन शे?"

"असेल कुणीतरी. झोपा तुम्ही!"

आबा अर्धा तास गाढ झोपले! उठल्यावर मी चहा मागवला.

"रोज असंच चालतं?" त्यांनी विचारलं.

मी असा फुगलो म्हणता! "रोज! ताण म्हणजे काय ते आता आठवतही नाही. तिघांचं काम दोघंसुद्धा उरकतील. डाव्या हातचा मळ!"

तेवढ्यात प्राचार्य धापा टाकत आत. "साहेब! तुम्ही इथे? मी स्टेशनवर ताटकळलो!"

"मी एस.टी.नं आलो," आबा म्हणाले.

प्राचार्यांच्या हातातला कोमेजलेला हारसुद्धा बरा दिसत होता हो माझ्यापेक्षा!

साहेबांनी मात्र प्रेमानं माझा हात हातात घेतला. "कित्येक महिन्यांनी असा डोळा लागला!"

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मीच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: 'कर्मचारी अत्यंत प्रसन्न. कामाचा ताण आढळला नाही. हेडक्लार्कच्या म्हणण्यानुसार दोघांत काम भागते. सबब श्री. देवरे यांची धुळ्यास बदली करण्यात येत आहे.'

देवरेची सासुरवाडी धुळ्याची! त्यानं वाकून मला नमस्कार केला आणि आपले सगळे गठ्ठे उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"भाऊसाहेब, डाव्या हाताला ठेवू ना?"