बंद करायला आलेली माणसं

किस्से मी जमवले नाहीत. धान कापून घरी आलं की सदऱ्याला कुसळं चिकटलेली सापडतात, तसे ते सापडतात. मूल आणि सावली या दोन गावांच्या मधल्या एका सरकारी घराच्या फाटकावर मी सव्वीस वर्षं चौकीदार होतो. वय वाढलं पण समज लहान मुलाची राहिली, किंवा डोक्यात कायमचा गोंधळ आहे, अशी एकतीस माणसं तिथे राहतात. काहींना घरी ठेवायला कोणी तयार नाही. काहींचं घर कुठे आहे तेच कोणाला ठाऊक नाही. बाहेरचा बोर्ड तीनदा बदलला. दर वेळी जास्त चांगला शब्द आला. आतली माणसं तीच.

मी रिटायर झालो. नवीन चौकीदाराची भरती झाली नाही. म्हणून अजून मीच बसतो. शिक्षण चौथी. पण फाटकातून कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी पत्र आलं. इमारत जुनी, माणसं कमी. घर बंद करून सगळ्यांना दूरच्या एका मोठ्या केंद्रात हलवायचं. इतकं दूर की सकाळी निघालेला माणूस त्या दिवशी परत घरी येत नाही. हे बंद करणं नियमाने होतं की नाही ते पाहायला एक देखरेख समिती नेमली होती. तिच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई. बंद करायचं काम मोठ्या ऑफिसातल्या एका साहेबांकडे. साहेब बंद करणार, बाई बघणार.

आमची स्वयंपाकीण सुगंधाबाई. तिला पत्र वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "भागरताच्या मायचं का होईन?"

भागरता आमच्याकडे पंधरा वर्षांपासून. अंगाने धिप्पाड, बोलणं कमी. तिची माय सत्तरीच्या पुढची. दर मंगळवारी सावलीहून एसटीने येते, लेकीची वेणी घालते, जेवते, संध्याकाळच्या गाडीने जाते. दुसऱ्या कोणाला भागरता केसांना हात लावू देत नाही.

सुगंधाबाईच्या प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं.

* * *

आधी इंजिनिअर आला. तरुण होता. भिंतींवर बोटांनी टकटक केलं, छपराकडे मान वर करून पाहिलं, मग फाटकाशी येऊन माझ्या खुर्चीवर बसला आणि लिहिलं. लिहून मला वाचूनही दाखवलं. इमारत अत्यंत धोकादायक, छप्पर केव्हाही कोसळेल, आत कोणीही थांबू नये. खाली सही केली.

त्याचा ड्रायव्हर गाडी घेऊन नाक्यावर चहाला गेला होता. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या. इंजिनिअर फाइल पोटाशी धरून वऱ्हांड्याकडे धावला. मी छत्री उघडली आणि त्याच्या आधी पायरीवर जाऊन उभा राहिलो.

"इथी नाई साहेब. छप्पर पडते."

"अहो काका, सरका."

"तुमीच लिवलं. सही वाळली बी नाई अजून."

गारा त्याच्या डोक्यावर वाजत होत्या. शेवटी त्याने कागद काढला, "अत्यंत धोकादायक" खोडलं आणि वर लिहिलं, "दुरुस्ती आवश्यक". लिहिताना कागद भिजू नये म्हणून मी छत्री धरली. कागदावर. त्याच्यावर नाही.

नंतर सुगंधाबाईने त्याला चहा दिला. पश्चिमेच्या दोन खोल्या गळतात, त्या मी त्याला स्वतःहून दाखवल्या. खरं ते खरं.

* * *

मग साहेब आले. हजेरीची वही हातात घेऊन नावं पुकारू लागले. आमच्याकडे बरीच माणसं पोलिसांनी नाहीतर कोर्टाने आणून सोडलेली. वहीत जे नाव आहे ते ठाण्यातल्या कोणीतरी लिहिलेलं. काहींना तर नावही नाही. साहेबांनी मोठ्याने पुकारलं, "अनोळखी पुरुष, क्रमांक चार." आता याला कोण ओ देणार?

एकतीस नावं झाली. नऊ वेळा ओ आली. त्यातली सहा वेळा एकाच माणसाची.

साहेब खूश झाले. म्हणाले, "म्हणजे बाकी सगळे कागदावरच आहेत." खिशातून फोन काढला.

मी म्हणालो, "इथी नावानं मोजत नाई साहेब. ताटानं मोजते."

ते खरं आहे. आमच्याकडे प्रत्येकाच्या ताटाच्या काठावर खिळ्याने खूण कोरलेली आहे. कोणाचा मासा, कोणाचं पान, कोणाचं बैलाचं शिंग. नाव विसरणारा माणूस ताट विसरत नाही. सुगंधाबाईने पातेल्यावर पळी वाजवली. वांग्याच्या वाफ्यातून, बांधावरून, टाकीच्या मागून माणसं आली. आपापलं ताट घेऊन रांगेत बसली. साहेब एकेकाला बोट लावत मोजत गेले.

बत्तीस भरले. पुन्हा मोजले. बत्तीसच.

बत्तीसावा साहेबांचा ड्रायव्हर होता. पाहुण्यांसाठी ठेवलेलं बिनखुणेचं ताट घेऊन बसला होता. साहेबांनी डोळे वटारले. तो म्हणाला, "सकाळपासून पोटात काई नाई जी," आणि वरण मागितलं.

* * *

मोजणी फसली तशी साहेबांनी दुसरी वाट धरली. नातेवाईक शोधायचा, माणूस त्याच्या हवाली करायचा, यादीतून एक कमी. पहिला नंबर लालसूचा. लालसू आमच्याकडे नऊ वर्षांपासून. वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, "वाचा नाही."

एटापल्लीच्या पलीकडून, सूरजागडच्या डोंगराकडून, त्याचा भाऊ शोधून आणला. पन्नाशीचा गोंड माणूस. दोन गाड्या बदलून आलेला. खांद्यावर पिशवी, पिशवीत भावासाठी वाळवलेली मोहाची फुलं. त्याने लालसूला उजेडात उभं करून नीट पाहिलं.

"हा माहा भाऊ नोहे."

साहेब म्हणाले, "नाव लालसू आहे. वय जुळतं. भागही तोच."

"आमच्याकडं लालसू लय हायेत जी."

"बरं, तुम्ही नुसता अंगठा द्या. पुढचं आम्ही बघतो."

त्या माणसाने हात मागे घेतला. "माहा भाऊ असता तं घेऊनच गेलो असतो. अंगठा कायले लागते?"

साहेब निघून गेले. परतीची गाडी संध्याकाळी होती, म्हणून तो माणूस लालसूजवळ झाडाखाली बसला. मोहाची फुलं त्यालाच दिली. गोंडीत काहीतरी विचारलं. आणि लालसू बोलायला लागला. दुपारभर बोलत होता. सुगंधाबाई हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. आमच्यात गोंडी कोणालाच येत नाही.

तो माणूस निघताना मी फाटकावर विचारलं, "एवढं का बोलला तो?"

"तो म्हणते, इथला भात चांगला हाये. पण माणसं सारी मुकी हायेत."

* * *

हा किस्सा माझ्यावरच आहे. तोही सांगतो. बाकीचे सांगायचे तर हाही सांगितला पाहिजे.

दुपारी एक ते तीन आम्ही बायकांच्या खोलीला कुलूप लावत होतो. सुरक्षेसाठी. कुलूप माझं, किल्ली माझ्या करगोट्याला. अध्यक्षबाई पहिल्यांदा आल्या त्या ऐन मे महिन्यात आणि नेमक्या दीड वाजता.

"आत किती जणी आहेत?"

"अकरा."

"तहान लागली तर?"

"तीन वाजता उघडतोच जी."

बाईंनी किल्ली मागितली. अकरा जणींना बाहेर काढून वऱ्हांड्यात बसवलं. मग मला म्हणाल्या, "वासुदेवभाऊ, तुम्ही आत जा."

सत्तरीला आलेला माणूस मी. आत गेलो. बाईंनी कुलूप लावलं आणि माझ्या खुर्चीवर जाऊन पेपर वाचत बसल्या. वर पत्रा तापलेला. अकराही जणी खिडकीच्या गजांशी येऊन मला बघू लागल्या. एकीने गजातून मुरमुरे दिले. भागरताने बराच वेळ पाहिलं आणि इतरांना सांगितलं, "भाऊ चुकला."

मी दार वाजवलं नाही. वाजवणारही नव्हतो. अर्ध्या तासाने बाईंनी उघडलं.

"कसं वाटलं?"

मी घाम पुसला. "कुलूप चांगलं हाये बाई. स्टोअरले लावतो."

* * *

नियम असा की माणसाला हलवायचं तर त्याची संमती पाहिजे. साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बसवलं. सभागृह म्हणजे आमची जेवणाची खोली. अध्यक्षबाई बाजूला टेबलाशी. साहेब एकेकाला विचारत होते. "नवीन जागी जायचं ना? तिथे मोठा टीव्ही आहे. पंखे आहेत."

"हाव."

अंगठा.

"जायचं ना?"

"हाव."

अंगठा. तीस हाव, लालसूची नुसती मान, एकतीस अंगठे. साहेबांनी गठ्ठा नीट ठोकून टेबलावर ठेवला. त्या दिवशी मंगळवार होता. भागरताची माय दाराशी बसून होती. तिने मला हळूच विचारलं, "आता मी कुठी येऊ जी?"

मी कधी साहेबांच्या मध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोललो. "बाई, एक सवाल मी विचारू का?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "विचारा."

मी सगळ्यांकडे तोंड केलं. "या साहेबाले वैनगंगेत टाकून यायचं का?"

"हाव."

सगळे एका आवाजात. दोघं तर उठले. एक जण चपला शोधू लागला.

अध्यक्षबाईंनी गठ्ठा आपल्याकडे ओढला. वरचा कागद पाहिला, खालचा पाहिला. चष्मा काढला. "तुम्ही घेतलेली संमती हीच का?"

साहेबांचं लक्ष त्या उठलेल्या दोघांकडे होतं. म्हणाले, "मॅडम, मला पोहता येत नाही."

* * *

घर बंद झालं नाही हे आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. कसं राहिलं ते कागदावर वेगळं लिहिलं आहे. समितीने फेरविचार केला, असं त्यात आहे. मी तिथे होतो.

संमतीचे कागद बाद झाले तसं साहेबांनी ठरवलं, माणसं राहू द्या, आधी सामान हलवा. पलंग गेले की माणसं किती दिवस राहतील? एका मंगळवारी सकाळी ट्रक आला. सोबत ठेकेदाराचे चार मजूर. त्यांनी तासाभरात लोखंडी पलंग उचलून ट्रकमध्ये रचले आणि नाक्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घ्यायला गेले.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी लावून दिलेली. फाटकात ट्रक आला की तो सगळ्यांनी मिळून खाली करायचा. आमच्याकडे ट्रक येतो तो तांदळाचा, डाळीचा. रांग लागते, भागरता सगळ्यात पुढे, पोतं हातोहात आत जातं. ट्रक भरायला त्यांना कोणी कधी शिकवलं नाही. भरलेला ट्रक दिसला की खाली करायचा, एवढंच ठाऊक.

मजूर परत आले तेव्हा ट्रक रिकामा होता. पलंग जागच्या जागी. वर चादरी घातलेल्या.

मजुरांनी चादरी काढून टाकल्या, ट्रक पुन्हा भरला. मग जेवायला गेले. आले तेव्हा पुन्हा रिकामा. त्यातला म्होरक्या माझ्याजवळ आला. "भाऊ, इथी काई भूतबाधा हाये का?"

"नाई. शिस्त हाये."

साहेबांचा फोन आला. "वासुदेव, तुम्ही काय करून राहिलात तिथे?" चिडले की साहेबही आमच्यासारखं बोलायचे.

"फाटकावर बसलो हाओ."

"आणि ते पलंग?"

"बाहेर काई गेलं नाई साहेब. आत गेलं ते आपलंच होतं."

साहेब स्वतः आले. चौकीदार आणि कर्मचारी कामात अडथळा आणतात, हे दाखवायला अध्यक्षबाईंनाही बोलावून घेतलं. दोन्ही गाड्या आल्या तेव्हा मजुरांनी तिसऱ्यांदा ट्रक भरला होता. चौघंही घामाने निथळत सावलीत पडले होते. कर्मचारी म्हणजे सुगंधाबाई आणि मी. ती चुलीशी, मी खुर्चीवर.

आतून रांग निघाली. कोणी बोलावलं नव्हतं. भागरता पुढे, तिच्यामागे लालसू, मग बाकीचे. पहिला पलंग उतरला. दुसरा उतरला.

साहेब म्हणाले, "मॅडम, पाहा. अडवा यांना कोणीतरी."

बाई म्हणाल्या, "आपल्या खोलीत आपला पलंग नेणाऱ्याला कोणत्या नियमाने अडवू? सांगा, लिहून घेते."

रांग चालू. शेवटी भागरताचा पलंग उरला. जुन्या घडणीचा, सगळ्यात जड. बाकीचे सगळे आपापले पलंग घेऊन आत गेले होते. भागरताने एक टोक उचललं आणि मागे बघितलं. तिची माय पदर सावरत उठली, दुसरं टोक धरलं. उचललं जाईना. पुन्हा धरलं. तरी हलेना.

मी खुर्चीवरून उठलो. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी आपली पर्स माझ्या हातात दिली.

"त्यांना बसवा इथे," म्हणाल्या. पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि पलंगाचं दुसरं टोक धरून उचललं. साहेब नुसते बघत होते. मजूर उठून बसले.

भागरता उलटी चालत, बाई सुलट, अंगण ओलांडून गेल्या. दारात पलंग अडकला. बाईंनी ढकलून पाहिला. जाईना.

भागरता खेकसली, "तिरपा कर नं वं."

बाईंनी तिरपा केला.