नळीतल्या कांबेचा मानपान

भुताचा विषय निघाला की मी समोरच्याला आधी चहा पाजतो आणि मग त्याची यथेच्छ टिंगल करतो. तो मान माझा आता गेला... कारण हे माझ्याच घरी, भर दुपारी, संडासाच्या नळीत घडलं.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात नगरला सावेडीत आम्ही नवं घर बांधलं. आसपास नुसता माळ. पण घरात संडास — पाहुण्यांना मी देवघराआधी तोच दाखवायचो! आणि लेकीच्या सुपारीच्या आदल्या दिवशीच तो तुंबला. उद्या राहात्याहून सासरची मंडळी येणार, विहीणबाई टापटिपीच्या. "जमलेलं लग्न मोडतंय बघा," असं म्हणून बायको रडायलाच बसली.

साफ करायला माणूस मिळेना. मग मीच टोकाला आकडा लावलेली बांबूची लांब कांब आणली आणि मागच्या अंगणातल्या चेंबरमधून नळीत घातली. अडकली. मी कांब ओढतोय, मेहुणा शंकर मला ओढतोय.

"दाजी, मासा मोठा दिसतोय."

तेवढ्यात कांब हातभर आत गेली. आपली आपण. पुन्हा ओढली, पुन्हा आत. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या शंकरने कांब सोडली. "आता तुम्हीच ओढा."

पाथर्डीहून आलेली माझी थोरली बहीण, अक्का, करंज्या तळता तळता बाहेर आली.

"जागेवाल्याला आवतण दिलंस का?"

"कोण जागेवाला?"

"ज्याच्या उरावर घर बांधलंस, त्यो. सारं राहाता जेवाया बोलावलंस आन् ह्यो उपाशी."

तिने चेंबरच्या कडेला विड्याच्या पानावर हळदीच्या अक्षता ठेवल्या, पदर सावरला आणि व्याह्याशी बोलावं तसं आत वाकून म्हणाली, "उद्या पोरीची सुपारी हाय. पयलं पान तुमचं. आमची कांब तेवढी सोडा."

मी हसू दाबत कांबेला हात लावला... तुपातून चमचा निघावा तशी ती बाहेर आली. मागोमाग पाणी गडगडत गेलं. आणि आकड्यात अडकलेल्या पिवळ्या अक्षता — चक्क कोरड्या. पानावरच्या होत्या तशाच पानावर.

"बांबू फुगला असेल, मग आकसला," शंकर म्हणाला.

"आणि ह्या कोरड्या कशा?"

"दाजी, मी आधी आंघोळ करतो."

दुसऱ्या दिवशी अक्काने पहिलं पान चेंबरपाशी वाढलं, मगच पंगत बसली. सुपारी फुटली. विहीणबाईंनी तर संडासाचंसुद्धा कौतुक केलं. मागे जाऊन पाहतो तर पान लख्ख. कुत्र्याने खाल्लं असेल, कबूल. पुरणपोळी खाईल, भात खाईल... पण डावीकडचं मीठ?

"मीठ खाल्लंय त्यानं," अक्का म्हणाली. "आता जागंल."

त्यानंतर नळी तुंबली नाही. लेक सुखात नांदतेय. उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही, आणि शंकरला विचारलं की तो चहा मागतो.