मामींची पट्टी

या मामी माझ्या नात्यातल्या नव्हेत. तमिळ घरात गाणं शिकवणाऱ्या बाईंना मामी म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. माझ्या सख्ख्या मामीला हे कळलं तेव्हा ती फोनवरच रुसली.

गाणं खरं तर माझ्या लेकीनं शिकायचं होतं. इथं परदेशात, सेंगकांगला, आमच्याच ब्लॉकमधल्या शेजारणीनं बेडोक भागात राहणाऱ्या या मामी सुचवल्या. कर्नाटक संगीत शिकवतात, तरुणपणी सिनेमात गायल्या आहेत, आता मुलाकडे राहतात, एवढीच माहिती. लेक दोन-चार शनिवार आली आणि ‘सो बोरिंग लाह’ म्हणून मोकळी झाली. मला मात्र त्या घरातून पाय काढवेना. तिनं क्लास सोडला आणि मी तिच्या जागी बसले.

पुण्यात लहानपणी मी पेटीवर चार राग शिकले होते आणि त्याचा मला उगाचच ताठा होता. मामींनी तो पहिल्याच दिवशी उतरवला. माझा गंधार ऐकून म्हणाल्या, ‘हा भिंतीला टेकून उभा आहे. याला जरा हलव.’ त्यांच्याकडे स्वर नुसता लावत नाहीत, झुलवतात. मला ते जमायला वर्ष गेलं. आम्ही बोलायचो इंग्रजीत, अधूनमधून त्यांच्या मोडक्या हिंदीत. ‘पाडु मा’, म्हणजे गा, एवढं तमिळ मात्र मला झोपेतही कळलं असतं.

त्यांची कहाणी तुकड्यातुकड्यांनी कळली. परकरपोलक्यात मैफली सुरू झाल्या. एका लग्नातलं गाणं ऐकून एका संगीतकारानं सिनेमासाठी बोलावलं. माइक उंच पडायचा म्हणून स्टुलावर उभं राहून गायच्या. एका वादकाचा हात चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहाटे अंगणात रांगोळी काढणाऱ्या मुलीचं एक गाणं त्यांनी गायलं आणि ते घरोघरी गेलं. तिथंच घोडं अडलं. मैफली ठरवणारे म्हणू लागले, या आता सिनेमाच्या झाल्या. सिनेमावाले म्हणाले, आवाज फार शास्त्रीय आहे. त्यांच्या गुरूंनी तर त्यांना पुन्हा समोर बसवलंच नाही. हे सगळं मामी भाजी निवडताना सांगायच्या आणि हसायच्या. मला हसू यायचं नाही, राग यायचा.

क्लासची एक रीत होती. शिष्यानं गुरूच्या पट्टीत, मामींच्या भाषेत श्रुतीत, गायचं. मामींची श्रुतिपेटी म्हणजे डब्याएवढा इलेक्ट्रॉनिक तंबोरा, त्याला पट्टी बदलायचं एक गोल बटण. त्या लावतील तो षड्ज, तोच माझा. आधी तो मला बरा पडायचा. मग हळूहळू खालचे स्वर गाताना माझा आवाज घोगरा होऊन बसायला लागला. सर्दी म्हणून मी काढे प्यायले. एकदा मी लवकर पोचले, तेव्हा मामी पाठमोऱ्या बसून ते बटण किंचित खाली फिरवत होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वयानं आवाज उतरत होता आणि त्या पट्टी गुपचूप त्याच्यामागे नेत होत्या. मी चपला काढायला मुद्दाम वेळ लावला. पुढे मी तशीच खालच्या पट्टीत घोगरी गात राहिले, आणि त्या ‘सर्दी गेली नाही का गं?’ विचारत राहिल्या. आम्ही दोघी एका षड्जावर होतो, मला तेवढं पुरे होतं.

मामींच्या पंचाहत्तरीला मुलानं हॉल घेतला. मुलगा सज्जन, आईवर जीव टाकणारा, पण गाण्यात औरंगजेब. त्यानं आईला नकळत त्या रांगोळीच्या गाण्याचा कराओके ट्रॅक मिळवला होता. मूळ पट्टीतला. जेवणं झाल्यावर त्यानं माइक आईच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामींनी सुरुवातीचं संगीत ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हॉलमध्ये तो फक्त मला दिसला असावा.

मुखडा त्यांनी निभावला. अंतऱ्यात सूर चढतो तिथे आवाज फाटला. त्या थांबल्या. मैफलीत गाणारा थांबला तर व्हायोलिन थांबतं, मृदंग सांभाळून घेतो. ते यंत्र कुणासाठी थांबणार? ते पुढे वाजतच राहिलं. मी मुलाजवळ जाऊन कुजबुजले, पट्टी खाली करायचं बटण असतं, ते दाब. मामींना ते ऐकू गेलं आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

‘कृती, आपली शास्त्रीय रचना, मी खाली आणेन, ती माझ्या घरची आहे,’ त्या म्हणाल्या. ‘हे गाणं लोकांनी जिथं ऐकलंय तिथंच राहू दे.’

मग लोकांनीच ते गाणं म्हणून टाकलं, बेसूर आणि फार प्रेमानं. मामी टाळ्या वाजवत उभ्या होत्या. घरी येताना एमआरटीच्या गाडीत मी रडले. लेकीनं ‘यू ओके?’ विचारलं.

पुढच्या शनिवारी गेले तर श्रुतिपेटी आधीच काढून ठेवलेली. मामींनी विचारलं, ‘तुझी श्रुती कोणती?’

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, ‘तुमचीच.’

‘तुझी विचारतेय. सा लाव.’

मी सा लावला. त्यांनी बटण जरा वर फिरवलं. पुन्हा सा. आणखी वर. माझ्या डोळ्यांदेखत त्या ते बटण वर नेत होत्या आणि माझा आवाज मोकळा होत होता. एका जागी तो असा सुटला की खोली भरली. क्षणभर मला फक्त आनंद झाला. इतकी वर्षं हा आवाज माझ्यातच होता.

‘इथं,’ मामी म्हणाल्या. ‘ही तुझी. आता पाडु मा.’

मग लक्षात आलं. या पट्टीत त्यांना गाता येणार नव्हतं.

‘आणि तुम्ही, मामी?’

‘मी ऐकेन.’

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. मांडीवर हातानं ताल धरायच्या, चुकलं की बोटानं दाखवायच्या. मी सुरेल गायले की डोळे मिटायच्या. माझं गाणं सुधारलं, लोक म्हणतात. मला तो आवाज परत करून त्यांचा घ्यायचा होता, पण असले व्यवहार कुणी करून देत नाही.

मामी गेल्यावर मुलानं ती श्रुतिपेटी मला आणून दिली. बटण एरवी त्यांनी लावलं होतं तिथंच असतं, माझ्या षड्जावर. रोज त्यावर रियाझ करते. शनिवारी मात्र मी ते खाली आणते, त्या मला पाठमोऱ्या दिसल्या होत्या त्या खुणेपर्यंत, आणि पेटी सुरू ठेवून नुसती बसते.

परवा लेकीनं खोलीतून डोकावून विचारलं, ‘आई, यू नॉट सिंगिंग, देन व्हाय ऑन?’

म्हटलं, ‘ऐकतेय.’