चूलबंद आवतण

माझे चुलते संभाजीतात्या वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, सांगवीत एका परक्या देशाचा राष्ट्रीय दिवस साजरा करायचे. इंदापुरात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा चहा पिणाऱ्या दोघींना ठसका लागला. सांगवीत मात्र कुणाला त्याचं नवल नव्हतं. गावात कुणी म्हसोबाचं जेवण घालतं, कुणी वडिलांचं वर्षश्राद्ध घालतं, तसे तात्या आपल्या देशाचं घालायचे. आदल्या दिवशी बायका एकमेकींना सांगायच्या, "उद्या तात्यांच्या देशाचं जेवान हाय, सैपाक करू नगा."

देशाचं नाव मी सांगणार नाही. तात्यांनी तशी तंबीच दिली आहे आणि त्यांचा शब्द मोडायची माझी छाती नाही. एवढंच सांगते की तो युरोपात आहे, आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा फार मोठा नाही आणि तीन बाजूंनी दांडगे शेजारी आणि एका कडेला समुद्राची चिंचोळी पट्टी घेऊन बसला आहे. डोंगर, दूध आणि मधमाश्या. तेल नाही, नाव घेण्यासारखी फौज नाही.

तात्या तिथं कधीच गेले नाहीत. तरणेपणी एका पाहुण्याच्या वशिल्यानं ते दिल्लीला गेले आणि एका बंगल्यावर स्वयंपाकी म्हणून राहिले. पुढं या देशानं दिल्लीत भाड्याच्या घरात दूतावास उघडला, तेव्हा तात्या तिथं लागले. दूतावास म्हणजे राजदूत बाई, एक सेक्रेटरी आणि तात्या. गाडी चालवायची, बटाटे सोलायचे, टपाल पोचवायचं, पाण्याची मोटर बिघडली तर तीही बघायची, सगळं यांच्याकडं. राजदूतांना ते नुसतं 'बाई' म्हणायचे, आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं.

मे महिन्यात तात्या सुट्टीवर यायचे ते दिवस मला अजून लख्ख आठवतात. अंगणात बाजेवर तात्या आणि माझे वडील, आबा, मांडीला मांडी लावून बसायचे. पाठचे भाऊ, पण मिशीसुद्धा एकाच वळणाची. मध्ये आंब्यांची पाटी. आबा आंबा घोळून द्यायचे, तात्या चोखत चोखत जगाची खबर सांगायचे, आणि आम्ही पोरं खाली पोत्यावर बसून कोयी मोजायचो.

एका सुट्टीत त्यांचा देश कुठल्याशा जागतिक मंडळाच्या निवडणुकीला उभा होता. बाई दिवसभर या दूतावासातून त्या दूतावासात मतं मागत फिरायच्या. समुद्रातली इवली इवली बेटंसुद्धा त्यांनी सोडली नाहीत, कारण मत सगळ्यांचं सारखंच.

"म्हंजी कारखान्याच्या विलेक्शनसारखंच की," आबा म्हणाले.

"त्येच. फकस्त गाड्यावर झेंडं असत्यात," तात्या म्हणाले, आणि दोघं भाऊ पोट धरून हसले.

बाईंच्या देशाचं परराष्ट्र धोरण तात्यांना मारुतिस्तोत्रासारखं पाठ होतं. गाडीत मागं बसून बाईंनी ते त्यांना समजावलं होतं. पहिला शेजारी. दुसरा कायदा. तिसरं पाणी आणि हवा, कारण ती सगळ्यांची. बाई म्हणायच्या, मोठ्या देशाला कायदा नसला तरी चालतं, त्याच्याकडं काठी असते. छोट्याला कायदा हेच कुंपण. पण कुंपणाआधी शेजारी, कारण उठल्यावर तोंड त्याचंच दिसतं. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. परराष्ट्र धोरणाचा धडा आला की पुस्तक मिटून मी हेच सांगते, आणि पोरांच्या ते बरोबर लक्षात राहतं.

करोनाच्या आधी तात्या निवृत्त होऊन गावी आले. आता रोजच मे महिना, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच.

तात्यांचं आणि आबांचं रान शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. इतकी वर्षं दोन्हीकडचा ऊस आबांनीच बघितला होता. तात्यांना वाटलं, बांध थोडा सरकलाय. आता हे भावाला विचारायचं की नाही? पण दिल्लीत एवढी वर्षं काढलेला माणूस. त्यांनी रीतसर अर्ज केला, पैसे भरले आणि एका सकाळी सरकारी मोजणी बांधावर उभी केली. आबा तेव्हा ऊसतोडीच्या टोळीबरोबर रानात होते. मोजणीचं यंत्र बघून त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला आणि ते घरी निघून गेले. गंमत अशी की मोजणीत वीतभर जागा उलट आबांचीच निघाली. तात्यांनी हसून ती सोडली, पण आबांना जमिनीचं काही नव्हतंच. "भावाभावात सरकारी मानूस आणला," एवढंच ते म्हणत राहिले. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं बंद. तात्यांचं नाव आमच्या घरी 'दिल्लीकर' पडलं. माझी आई आणि चुलती सरूकाकू यांचं धोरण अर्थात स्वतंत्र होतं. ताकाचा तांब्या बांधावरून इकडून तिकडं जात राहिला, आणि दोन्ही नवऱ्यांनी तो कधी पाहिला नाही.

त्याच वर्षी तात्यांनी देशाचं जेवण सुरू केलं. अंगणात मांडव, ज्वारीनं भरलेल्या पेल्यात खोचलेला हातभर झेंडा, आणि त्या देशाचे पदार्थ. बटाट्याचं दाट सार, आणि मध-अक्रोडाची गुंडाळी. अक्रोडाच्या जागी शेंगदाणे, मधाच्या जागी काकवी. सोबत भाकरी, कारण भाकरीशिवाय जेवण झालं असं गाव मानत नाही. जेवणं उरकली की तात्या एक गोष्ट सांगायचे. दर वर्षी तीच. नोकरीत असेपर्यंत ती सांगायची नाही असं बाईंनी वचन घेतलं होतं, म्हणून निवृत्तीनंतर ते ती अशी सांगायचे की जणू कोंडलेलं पाणी सुटलंय.

गोष्ट अशी. दूतावासाचा पहिला राष्ट्रीय दिवस होता. बाईंनी तात्यांकडं आमंत्रणाची कार्डं दिली, की वाटून या. आता आमच्याकडं कार्ड म्हणजे कागद. खरं ते आवतण. माणसानं दारात जायचं, हातावर कुंकवाच्या अक्षता ठेवायच्या आणि किती जणांचं ते तोंडानं सांगायचं. एकाचं, जोडप्याचं, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. पाळण्यातल्यापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. आणि एक नियम वर. भावकीत ज्याच्याशी भांडण आहे त्याला आवतण सगळ्यात आधी. यायचं न यायचं त्याच्या मर्जीवर, पण दिलं नाही असं कुणी म्हणता कामा नये.

तात्यांनी गठ्ठा चाळला. ज्या शेजारी देशाशी समुद्राच्या एका पट्टीवरून वाद चालला होता, नेमकं त्याचंच कार्ड त्यात नव्हतं. बाईंनी ते मुद्दामच वगळलं होतं. तात्यांना वाटलं, गडबडीत विसरल्या. त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं, खिशात अक्षता घातल्या आणि सगळ्यात आधी गाठला तो शेजाऱ्याचा दूतावास. तिथले राजदूत स्वतः बाहेर आले. यांनी त्यांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. ते गृहस्थ बघतच राहिले आणि त्यांनी विचारलं, किती जण यायचं? तात्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, सगळं घर, किचन बंद.

आणि आले ना ते. राजदूत, त्यांची बायको, सेक्रेटरी, टायपिस्ट, माळी, माळ्याची पोरं, झाडून सगळे. दारात बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण आलेल्याला ऊठ म्हणणं त्यांच्याकडंही रीतीत बसत नसावं. जेवण तर पुरेना. तेव्हा बाई रेशमी झग्याच्या बाह्या सारून स्वयंपाकघरात शिरल्या, मागून त्या राजदूतांची बायको आली, आणि दोघी तात्यांबरोबर बटाटे सोलायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तात्यांना बोलावलं. तात्यांनी पेटी भरूनच ठेवली होती. असं का केलं, बाईंनी विचारलं. तात्यांनी बांध, भावकी, आवतण, सगळं सांगितलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, वाद मिटलेला नाही, तो कायद्यानंच मिटेल. पण आता मी फोन केला तर ते उचलतील. मात्र तू नोकरीत आहेस तोवर ही चूक होती हे त्यांना कळू देऊ नकोस. पुढच्या वर्षापासून त्या शेजाऱ्याचं कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात वर असायचं.

गाव दर वर्षी ही गोष्ट ऐकायचं आणि माळ्याची पोरं आली की हसायचं. मीही हसायचे. पण गेल्या वर्षी मला हसू येईना. माझ्या भावाचं, युवराजचं, लग्न येत्या मे महिन्यात ठरलं होतं. आबांनी साफ सांगितलं होतं, "सगळ्या भावकीला आवतण जाईल. दिल्लीकराकडं न्हाय." घरातला सगळ्यात वडील माणूस मांडवात नाही, अक्षता टाकायला चुलता नाही, असं लग्न मला बघायचं नव्हतं. आबांशी मी भांडले, तोंडाला फेस येईपर्यंत भांडले. उपयोग शून्य. आवतणाचा नियम सगळ्यांना पाठ होता, तो पाळायचा कुणी एवढाच प्रश्न होता.

जेवणाच्या आदल्या दिवशी मी इंदापूरहून बारामतीमार्गे सांगवीला आले ती तरातरा तात्यांच्या घरीच. तात्या मोठ्या कढईत शेंगदाणे भाजत होते.

"तात्या, बाईंचं पयलं काय हुतं?"

"शेजारी," ते उलथनं न थांबवता म्हणाले.

"आन दुसरं?"

"कायदा."

"मग तुमी दुसरं आधी का केलं?"

उलथनं थांबलं. मी रागात होते, म्हणून बोलतच गेले. म्हटलं, परक्या मुलखात समुद्राचं भांडण होतं, तिथं आवतण घेऊन पळालात. हितं वीतभर बांध हाय. गावाला जेवान घालताय, पाठच्या भावाला कदी आवतण दिलं?

शेंगदाण्यांचा करपट वास सुटला. सरूकाकूंनी येऊन कढई उतरवली. तात्या खाली बघत म्हणाले, "दिल्लीतला शेजारी आला नसता तर बाईचा देश काय बुडत न्हवता. आबाजी आला न्हाय तर म्या काय करू, पोरी?"

मला रडू आलं. एवढा मोठा माणूस धाकट्या भावाच्या नकाराला भीत होता.

थोड्या वेळानं तात्यांनी हात धुतले. दूतावासातला बंद गळ्याचा काळा कोट चढवला, त्याचं मधलं बटण आता लागत नव्हतं. वाटीत अक्षता घेतल्या आणि रस्ता सोडून बांधावरूनच निघाले. मी मागं.

आबा गोठ्यात आंबोण कालवत होते. त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"काय काम काढलं?"

"उद्या देशाचं जेवान हाय. आवतण द्याया आलोय."

आबांनी घमेल्यात दोनदा हात फिरवला. "किती मानसाचं?"

"चूलबंद," तात्या म्हणाले.

आबांचे हात कोपरापर्यंत भुशानं माखलेले. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक पुढं केलं. "ठेव हितं." तात्यांनी अक्षता ठेवल्या. आबांनी टोकाला गाठ मारली आणि म्हशीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत उठली, दुसरी बसली. तात्या सार वाढत होते आणि बांधाकडं बघत होते. दोघांच्या पत्रावळीत त्यांनी दोनदा वाढलं. मी तर बांधाकडं बघायचंच सोडून दिलं. दुसरी पंगत उठायच्या बेतात आली, तेव्हा उसाच्या कडेनं आधी आई दिसली, मग युवराज, आणि सगळ्यात मागं धुतलेला सदरा घातलेले आबा.

"उशीर झाला गं," आई काकूंना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सकाळीच यांनी सिलिंडरचा कॉक बंद केला. च्या सुदिक करू दिला न्हाय. आन मग तासभर सदराच सापडंना."

आबा पंगतीत बसले. खाली मान घालून सार भुरकलं, आणखी मागून घेतलं. गुंडाळीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "शेंगदानं करपल्यात." तात्या म्हणाले, "व्हय." एवढंच दोघांचं बोलणं.

जेवणं झाली. लोक सुपारी चघळत गोष्टीची वाट बघत बसले. तात्या उठेनात. मी खूण केली तर त्यांनी मान हलवली. ज्याला ती गोष्ट टोचणार तोच समोर बसला होता, आणि तात्या किती झालं तरी दूतावासातले.

शेवटी आबाच बोलले. "दादा, ती बाईची गोष्ट सांग की."

"सगळ्यांला पाठ हाय ती," तात्या म्हणाले.

"सगळ्यांला आसंल," आबा म्हणाले. "म्या कुठं ऐकलीया?"

तात्यांनी घसा साफ केला आणि गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगितली. आबा गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होते, पूर्वी बाजेवर ऐकायचे तसे. किती जण यायचं, असं त्या राजदूतानं विचारल्यावर आबांना हसू फुटलं. माळ्याची पोरं आली तेव्हा ते टॉवेलानं डोळे पुसायला लागले, आणि ते पुसणं हसू थांबल्यावरही चालूच राहिलं. टॉवेलाच्या टोकाला गाठ तशीच होती.

"युवराजच्या लग्नात पावण्यास्नी हीच गोष्ट सांगायची, दादा," ते म्हणाले. "आन सरूवैनीला सांग. हळदीपासनं तुमच्या घरात चूल पेटवायची न्हाय."